रुपयात बारा आणे

दुखणं हे बरं करण्यासाठी नसून गावोगाव हिंडवून आणण्यासाठी असतं, असं मनापासून मानणारा माणूस सगळ्या सातारा-सांगली पट्ट्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. लोक देवाला जातात, लग्नाला जातात, गेलाबाजार कोर्टाच्या तारखेला तरी जातात. आमचे साडू उजवा हात घेऊन जातात. त्या हातानं जेवढा प्रवास केला तेवढा मी उभ्या जन्मात केलेला नाही. साडू हे नातं तसं चमत्कारिकच. रक्ताचं नाही, मैत्रीचं नाही. एकाच सासऱ्याची बोलणी दोघांनी वेगवेगळ्या वर्षी खाल्लेली असतात, एवढाच काय तो ऋणानुबंध. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते. मी त्यांना पाव्हणं म्हणतो, ते मला पाव्हणं म्हणतात, आणि तिसरा माणूस समोर असला की कोण कुणाच्या घरी आलंय याचा त्याला पत्ता लागत नाही.

राहतात कवठे महांकाळच्या बाजूला. धंदा जनावरांच्या बाजारातल्या दलालीचा; अशा दलालाला आमच्याकडं हेडी म्हणतात. खिलार बैलाच्या दातांत नुसतं डोकावून त्याच्या वयाचं, स्वभावाचं आणि मालकाच्या खोटेपणाचं माप एका दमात काढणारा हा माणूस. स्वतःच्या शरीराच्या बाबतीत मात्र कुणीही यावं आणि काहीही गळ्यात बांधून जावं. पांढरा लेंगा, टोपी, खांद्यावर टॉवेल, ओठांवर मिशा, आणि उजव्या मनगटात तांब्याचं कडं, त्याच्यावर चुंबकाचा पट्टा, त्याच्यावर काळा दोरा, त्याच्यावर कुणीतरी दिलेले मणी. हात वर केला की दुकानाची फळी उघडल्यासारखा आवाज यायचा.

दुखणं खरं होतं, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर आमची ही मला जेवायला वाढणार नाही. कळ मानेतून निघायची आणि उजव्या हाताच्या बोटांपर्यंत यायची. पण ती ते सांगायचे कशी? "मानंतनं सकाळच्या पारी निघती बगा. खांद्याव टेकती. कोपरापाशी पानी पिती. आनि दिस मावळायला बोटात मुक्कामाला येती." समोरच्याला वाटावं, कळ नव्हे, माणदेशातला मेंढपाळ चाललाय. मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात मानेचा फोटो काढला. डॉक्टरांनी सांगितलं की मणक्यात शीर दबलीय, औषधं घ्या, व्यायाम करा, नाहीच जमलं तर ऑपरेशनचा विचार करू. ऑपरेशन हा शब्द ऐकल्यावर साडू उठून उभे राहिले. "मानंला सुरी बोकडाच्या लावत्यात," असं म्हणून ते फोटोचं पाकीट काखेत मारून जे बाहेर पडले, ते अजून घरी बसलेले नाहीत. तो फोटो त्यांनी एसटीच्या कंडक्टरला दाखवला, उसाच्या रसवाल्याला दाखवला, आणि आमच्या नळाचा वॉशर बदलायला आलेल्या माणसालाही खिडकीच्या उजेडात धरून दाखवला. त्यानं बराच वेळ बघून "गळती वरनंच हाय," असा अभिप्राय दिला.

मग सुरू झाले उपाय. वडूजच्या बाजूला कुणी डाग देतो म्हणून कळालं, तिथं जाऊन खांद्यावर तापलेल्या सळीचे डाग घेऊन आले. बैलाला देतात तसेच. मी म्हटलं, "पाव्हणं, आता बाजारात तुमचंच दावं कुणीतरी सोडून नेईल." साताऱ्यात एका वातानुकूलित खोलीत पाठीला काचेच्या वाट्या चिकटवून आले. त्याला तिथं कपिंग म्हणतात. पाठभर उठलेली जांभळी वर्तुळं घेऊन ते घरी आले, तेव्हा अक्कांनी तोंडाला पदर लावला. दोन दिवसांनी साडूंच्या ध्यानात आलं की ही तर तुंबडी! "माजा आज्जा लावायचा की ही! फुकट लावायचा, वर शिव्या द्यायचा. हितं गार हवा सोडत्यात, येवडाच फरक." पण फरक आहे म्हटल्यावर त्यांना तेवढंही पुरत असे.

फरक हा त्यांचा लाडका शब्द. आणि तो ते मोजून सांगत. आमच्याकडची जुनी माणसं दुखणं उतरलं की रुपयात आठ आणे फरक आहे, बारा आणे फरक आहे असं म्हणतात. साडूंचा धंदाच भाव ठरवण्याचा, त्यामुळं त्यांच्या तोंडात आणे पक्के बसलेले. डाग दिल्यावर रुपयात चार आणे. वाट्यांनी पाच आणे. चुंबकाची गादी आणली तिनं सहा आणे, शिवाय अक्कांची हरवलेली दाभण तिला चिकटलेली सापडली तो फायदा वेगळा. मधमाशी चाववून घेतली तिचे तीन आणे. कुठल्याशा पिवळ्या तेलाचे आठ. एकदा मी जेवताना बोटांवर बेरीज केली आणि म्हटलं, "पाव्हणं, एक रुपया दहा आणे झाले. म्हणजे तुम्ही जन्माला आलात त्यापेक्षाही दहा आणे जास्त बरे आहात." त्यांनी भाकरीचा तुकडा शांतपणे आमटीत बुडवला. "तुमी नोकरदार मानसं. आवं, दलालाचा वटाव कापायचा ऱ्हायला की त्यातनं." आमची ही इतकी हसली की तिला ठसका लागला आणि माझा सगळा मुद्दा पाण्याच्या तांब्याबरोबर वाहून गेला.

या उपचारवाल्यांचा मला मनस्वी राग आहे. सात दिवसांचं शिबिर करून आठव्या दिवशी दारावर पाटी लावणारे हे लोक. यांच्या लेखी जगातली सगळी दुखणी पोटातून निघतात आणि सगळे उपाय यांच्या पिशवीतून. आणि वर ते एक पालुपद, साइड इफेक्ट नाही! साडूसुद्धा छातीला हात लावून सांगायचे, "साइड इफेक्ट न्हाई पाव्हणं, लिहून घ्या." मी म्हणायचो, जिथं मूळ इफेक्टचाच पत्ता नाही, तिथं साइडचा कुठून उगवणार? यावर ते माझ्याकडं अशा दयाळू नजरेनं बघत, की मलाच कुठंतरी दुखत असल्याचा भास व्हावा. एकदा सांगलीला आमच्याकडं मुक्कामाला असताना त्यांनी काटेरी प्लास्टिकची पट्टी, जिच्यावर उभं राहून तळपाय दाबून घ्यायचे असतात ती, मोरीच्या दारात टाकून ठेवली. सकाळी मी झोपेत तिच्यावर पाय दिला आणि केकाटलो. आतल्या खोलीतून मदतीला कुणी आलं नाही, फक्त साडूंचा आवाज आला. "टाचंवर बोंबलला की बोटावर?" टाचेवर, मी म्हटलं. "मंग मूळव्याध हाय तुमास्नी. जपा." त्या दिवशी ऑफिसच्या जुन्या मित्रांबरोबर बसलो होतो तिथं यांनी फोन केला आणि माझा फोन स्पीकरवर असताना मूळव्याधीची चौकशी केली, हे मी अजून विसरलेलो नाही.

या सगळ्यात मिरजेच्या सुयावाल्या, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चरच्या, बाई मात्र वेगळ्या निघाल्या. त्यांना पाटीवर डॉक्टर लिहायचा रीतसर हक्क होता आणि त्यांचं बोलणं चोख होतं. पहिल्या खेपेला मीच साडूंना घेऊन गेलो. बाईंनी त्यांचा हात, मान, खांदा नीट बघितला आणि सोळा सुया काढल्या. साडूंचा बाजारी जीव जागा झाला. "सोळा कशाला? धा सुयात भागवा." बाई म्हणाल्या, "काका, वांग्यांचा भाव चाललाय का हा?" मग त्यांनी एकेक बोट टोचून विचारलं, "इथं समजतं? इथं?" साडूंनी प्रत्येक बोटाला घाईघाईनं "समजतंय, समजतंय, समदं समजतंय" असं सांगितलं, वर्गातल्या पोरानं न केलेला अभ्यास झाला म्हणून सांगावा तसं. बाईंनी सुई बाजूला ठेवली. म्हणाल्या, "हे बघा, सुयांनी कळ कमी होईल, झोप लागेल. पण हाताला बधिरपणा असेल तर तो जाईलच असं वचन मी देणार नाही. त्यासाठी मोठ्या दवाखान्यात पुन्हा दाखवा." साडूंनी यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. पुढं हातात सुया रोवलेल्या असतानाच दारातून कुणी ओळखीचा गेला, तर यांनी "रामराम!" करून दोन्ही हात जोडले. त्यानंतर बाईंनी जे ऐकवलं, ते ऐकून बाहेर बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्याचा गुडघा आपोआप सरळ झाला असं म्हणतात.

खरं सांगायचं तर सुयांनी त्यांना गुण आला. आठवड्यातून एकदा यायचे, मिरजेला सुया टोचून घ्यायचे, आमच्याकडं जेवून आडवे व्हायचे आणि असे घोरायचे की भिंतीपलीकडचे शेजारी मला भेटून गेले. जो माणूस रात्र रात्र हात उशाशी धरून बसायचा, तो झोपायला लागला. एवढ्यावर थांबला असता तर तो माझा साडू कसला? कुठल्याशा शिबिरात त्यांना सांगितलं की बोटांच्या टोकांवर मटकीचे दाणे चिकटपट्टीनं बांधा, दाण्याच्या दाबानं शिरा मोकळ्या होतात. यांनी पाचही बोटांना मटकी बांधली आणि अंघोळीलाही सोडली नाही. तिसऱ्या दिवशी अक्कांनी पट्टी उचकटून बघितली. "आवं, मोड आलं की हो! अजून मूठभर बांदा, सांजच्या उसळीचं भागंल."

आणि याच मटकीनं तो प्रसंग घडवला, जो पुढं आमच्या सगळ्या गोतावळ्यात गाजला. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोन हेडी एकमेकांचा हात हातात घेतात, वर टॉवेल टाकतात, आणि टॉवेलखाली बोटं धरून भाव सांगतात. किती बोटं धरली, त्यावर आकडा. पटलं तर सगळा पंजा आवळायचा. पंजा आवळला की सौदा झाला, मग देव आला तरी फिरत नाही. साडू या बोलीतले पंडित. चाळीस वर्षांत त्यांचा शब्द, म्हणजे बोट, कधी खाली पडलं नव्हतं. त्या दिवशी ते एका गिऱ्हाइकासाठी बैल बघत होते. टॉवेलखाली हात गेला. समोरच्यानं बोटं धरली. त्याच्या बोटाखाली नेमकी मटकी आली. "दाना असा रुतला पाव्हणं," साडू पुढं रंगवून सांगायचे, "की ईज शिरली अंगात! पंजाच आवळला की आपोआप! त्यो म्हनला, झाला सौदा. आता काय सांगू त्याला, मटकी हाय म्हनून?" भाव गिऱ्हाइकाच्या सांगण्यापेक्षा दुप्पट. गिऱ्हाईक पाठ फिरवून निघून गेलं. पंजा तर आवळलेला, म्हणून बैल साडूंच्याच दारात आला. एक शिंग आभाळाकडं, एक जमिनीकडं, मागच्या पायानं जरासा लंगडा, वय असं की साडूंनी त्याच्या तोंडात दुसऱ्यांदा बघितलंच नाही. अक्कांनी ओवाळायला आणलेलं ताट खाली ठेवलं आणि त्याचं नाव ठेवलं, मटक्या.

मटक्या आल्यावर साडूंना हक्काचा पेशंट मिळाला. भिंतीवर माणसाच्या अंगावरच्या दाबबिंदूंचा तक्ता लावलेला होता, त्यावरून ते बैलाची बिंदुस्थानं काढू लागले. माणसाचं कोपर बैलात कुठं येतं, यावर त्यांनी मला फोनवर अर्धा तास पिडलं. सकाळ-संध्याकाळ लाकडी रूळ घेऊन त्याचा मागचा पाय दाबायचे. त्यानं एकदा यांना उकिरड्यात लोळवलं, तरी यांनी व्रत सोडलं नाही. आणि काय सांगावं, बैल लंगडायचा थांबला! मी म्हटलं, बसून खातोय, पायाला विश्रांती मिळाली, आणखी काय. साडू म्हणाले, "त्याला इचारा. रुपयात सोळा आणे."

यंदाच्या बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, मी आणि आमची ही त्यांच्याकडं गेलो होतो. मटक्याची शिंगं रंगवलेली, वरचं लाल, खालचं हिरवं, पाठीवर झूल. पुरणपोळीचं जेवण झालं. दारात चार पाहुणे पान लावत बसले होते, तेव्हा मी मुद्दाम म्हटलं, "पाव्हणं, ती मटकीची गोष्ट होऊन जाऊ दे." त्यांनी ती अशी सांगितली की हसून हसून एकाचं पान घशात गेलं. मग पाहुणे उठून गेले, बायका आत आवराआवर करू लागल्या, आणि अंगणात आम्ही दोघं आणि बैल एवढेच उरलो. मला गंमत सुचली. मी त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि हात पुढं केला. "चला, मटक्याचा भाव करू."

"डाव्या हातानं करू," ते म्हणाले.

"डाव्यानं कुठं सौदा होतो? आणा उजवा."

त्यांनी आणला. मी वर टॉवेल टाकला आणि त्यांची दोन बोटं घट्ट धरली. ज्या माणसानं चाळीस वर्षं बोटांवर धंदा केला त्याला दोन ओळखायला किती वेळ लागावा? पण ते हाताकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तीन."

"चुकलात!" म्हणून मी मोठ्यानं हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी हात तसाच राहू दिला आणि आतल्या दाराकडं एकदा बघून घेतलं.

"मटकीचा काय दोष न्हवता, पाव्हणं," ते हळू म्हणाले. "त्या दिशी त्यानं चार बोटं धरली. मला दोनच लागली. कळ हाय तवर मला वाटायचं, हात जित्ता हाय. कळ येती, पर कळत कायबी न्हाई."

 मघाशी ज्या गोष्टीवर पाच माणसं लोळली, ती यांनी एवढ्यासाठी रंगवली होती, की बाजारानं मटकीला हसावं आणि हाताकडं बघू नये. ज्या हेडीला समोरच्याचं बोट लागत नाही, त्याच्या हातात हात देणार कोण? वडूज, सातारा, मिरज, डाग, वाट्या, माश्या, सुया. माणूस दुखणं घालवायला हिंडतोय असं मी समजत होतो, आणि तो बोटांतली समज शोधत हिंडत होता. फार वाईट वाटलं मला. मोठ्या दवाखान्याचं मी पुन्हा सुचवलं. "जाऊ की," ते म्हणाले, जसं ते नेहमीच म्हणतात, तसं. मग म्हणाले, "पुन्यांदा धरा."

मी चार बोटं धरली. त्यांनी या वेळी डोळे मिटले. मटक्याच्या गळ्यातली घंटा वाजत होती. "तीन," ते म्हणाले.

"बरोबर," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. टॉवेल काढला, झटकला आणि खांद्यावर टाकला. "पाव्हणं, बाजारात तुमी येक दिस टिकायचं न्हाई. समदं तोंडावर दिसतंय." एवढ्यात आतून आमची ही हात पुसत बाहेर आली. "दाजी, हाताचं कसं काय आता?" आणि साडूंनी कडं-पट्टे-मणी खळखळवत तो हात वर केला. "लय फरक हाय! रुपयात बारा आणे!"

अजूनही ते सुयांच्या दिवशी सांगलीला येतात. जेवण, घोरणं, तळपायाची पट्टी मोरीच्या दारात, सगळं तसंच. मोठ्या दवाखान्याची तारीख मी दोनदा घेतली, दोन्ही वेळा त्यांना बाजार निघाला. फक्त चहा झाला की ते न बोलता टॉवेल टाकतात आणि मी बोटं धरतो. धरली की तोंड खिडकीकडं फिरवून बसतो, म्हणजे त्यांना ते वाचता येऊ नये. कधी त्यांचं बरोबर येतं, जास्त करून चुकतं. मी सगळ्यालाच बरोबर म्हणतो.

"फरक हाय की मंग," ते म्हणतात.

"आहे तर," मी खिडकीबाहेर बघत म्हणतो, "रुपयात बारा आणे."